निरोगी क्रमांक चौदा

"विज्ञानात माणसाला नाव नसतं, क्रमांक असतो. म्हणूनच विज्ञान कुणावर अन्याय करत नाही," असं देवस्थळी मॅडम म्हणाल्या आणि नावांची वही त्यांनी टेबलाच्या खालच्या खणात, शिकरणाच्या डब्याखाली सरकवली. खणाला कुलूप होतं. किल्ली हरवू नये म्हणून ती कायम कुलपालाच लावलेली असे.

ही चौऱ्याण्णव सालची गोष्ट. पुण्याच्या एका संशोधन संस्थेत मॅडमच्या हाताखाली मी पीएच.डी. करत होतो. विषय होता आमवात: बोटांचे सांधे सुजवून सुजवून शेवटी बोटं वाकडी करणारा. शरीरात रोगांशी लढायला प्रतिपिंडं असतात, एवढं शाळेच्या पुस्तकातही असतं. पुस्तकात नसतं ते हे, की प्रत्येक प्रतिपिंडाच्या बुंध्याला साखरेचं एक इवलंसं झाड चिकटलेलं असतं. ही चहातली साखर नव्हे, तिच्या लांबच्या नात्यातली. झाडाच्या फांद्यांना टोकाशी गॅलॅक्टोज नावाची साखर असली, की प्रतिपिंड साधारण समजूतदारपणे वागतं. टोकं बोडकी असली, की तेच प्रतिपिंड आग भडकवायला लागतं, आणि आमवातात ती आग स्वतःच्याच सांध्यांना लागते. आमवाताच्या रोग्यांत बोडकी झाडं फार, हे बाहेरच्या देशांत दिसलं होतं. आपल्याकडेही तसंच आहे का, हे मी बघत होतो. ते बघायला मला चार वर्षं लागली. आई शेजारच्यांना सांगायची, "तो साखरेवर काहीतरी करतो." मग शेजारचे मला मधुमेहाचं पथ्य विचारायचे.

रोग्यांचं रक्त मोठ्या दवाखान्यातून यायचं. अडचण होती निरोग्यांची. तुलनेला वीस निरोगी माणसं हवी होती आणि ती फुकटात हवी होती, म्हणजे संस्थेतलीच. आमच्याकडे निरोगी म्हणजे जो त्या दिवशी रजेवर नाही तो. सकाळी मॅडमनी वीस जणांना पुठ्ठ्याचे क्रमांक घातलेले बिल्ले वाटले आणि कुठला बिल्ला कुणाला, हे त्या वहीत लिहिलं. दुपारी दवाखान्यातून सिस्टर आल्या. सेमिनार हॉलमध्ये पडदा लावला. पडद्याआड सिस्टर आणि मागच्या दारानं येणारा रक्त देणारा, पडद्याबाहेर ट्रे धरून मी. सिस्टर आतून भरलेली नळी आणि बिल्ला बाहेर द्यायच्या, मी दोन्हींवरचे क्रमांक ताडून बघायचो. एकही क्रमांक चुकला नाही. हे मी आजही छातीठोकपणे सांगू शकतो. रक्त देणाऱ्याला कॉफी आणि दोन बटाटेवडे होते, त्यामुळे एकही बिल्ला वाया गेला नाही.

एवढं झाल्यावर खरं काम. रक्तातून प्रतिपिंडं काढायची, त्यांच्यावरची साखरेची झाडं छाटायची आणि ती एका मीटरभर लांब काचेच्या नळीतून, म्हणजे कॉलममधून, हळूहळू उतरू द्यायची. मोठी झाडं आधी उतरत, बोडकी मागून. खाली यंत्राला पेन लावलेलं असे, ते कागदाच्या गुंडाळीवर टेकड्या काढत जाई. पहिली टेकडी भरल्या टोकांची, शेवटची बोडक्यांची. निरोग्यांत शेवटची टेकडी म्हणजे जेमतेम उंचवटा. रोग्यांत ती चांगली वर चढायची.

चौदा नंबरची शेवटची टेकडी कागदाच्या कडेला जाऊन टेकली.

मी तो नमुना पुन्हा चालवला. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा चालवला तेव्हा स्टूल ओढून समोर बसून राहिलो. पेन वर चढायला लागलं, तसं माझ्या मनात आलं की आता थांबावं यानं. ते थांबलं नाही.

मॅडमनी कागद टेबलावर पसरला. "पराडकर, हा रोग्यांतला इथे कसा आला?"

"तो निरोग्यांतलाच आहे मॅडम."

"मग निरोग्यासारखा वागत का नाही?"

"तीनदा चालवला."

"म्हणजे तीनदा चुकलास. वय जास्त असेल. म्हातारपणी ही साखर उतरते."

"साठीच्या पुढचं कुणी घेतलेलंच नाही आपण."

मॅडमनी चष्मा काढून पदराला पुसला. "कॉलममध्ये खोट असेल. तांबटांकडून नवा करून घे."

मुरलीधर तांबट हे संस्थेचे काचकाम करणारे. आडनाव तांब्याचं, धंदा काचेचा, यावरचे सगळे विनोद मी रुजू व्हायच्या आधीच होऊन गेले होते. मागच्या आवारात त्यांची पत्र्याची शेड होती, तिला सगळे भट्टी म्हणत. माझा कॉलम त्यांनीच केलेला. नळीच्या बाहेरून दुसरी नळी, दोन्हींच्या मधून गरम पाणी फिरणार आणि वरखाली काचेला काच जोडलेली. असलं काम करणारी माणसं तेव्हाही शहरात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच होती.

"माझ्या नळीत खोट?" तांबटकाकांनी कॉलम उजेडात धरला, फिरवला, एक डोळा मिटून आरपार बघितलं. "डॉक्टर, काचेत खोट असली ना, तर ती आधी मला दिसते, मग देवाला, मग तुमच्या मॅडमना."

मला अजून डॉक्टर व्हायचं होतं. ते मुद्दामच तसं म्हणत.

"मॅडमचं म्हणणं आहे, नवा करून बघू या."

"करतो की. पण जुना फोडायचा नाही. दोन्ही चालवा. दोन्हींनी एकच सांगितलं, तर तुमच्या मॅडमनी इथे येऊन मला चहा पाजायचा."

तीन दिवस मी भट्टीत जाऊन बसत होतो. तांबटकाकांनी एका हातानं नळी फिरवायची, दुसऱ्या हातानं ज्योत कमीजास्त करायची, तोंडानं रबराच्या नळीतून फुंकर घालायची, आणि हे सगळं चालू असताना कँटीनच्या मॅनेजरवर बोलायचं. काच मऊ होऊन मधासारखी लोंबायला लागे. त्या क्षणी बोटं एक केसभर थांबली, तर तीन दिवसांचं काम जमिनीवर. बोटं थांबत नसत. दुपारी त्यांची बायको, शालनकाकू, डबा घेऊन यायच्या, दारातच उभ्या राहायच्या. काका जेवायच्या आधी हात धुवायचे, तेव्हा मला ते हात नीट दिसायचे. मनगटावर भाजल्याचे चार पांढरे डाग, बाकी बाईमाणसाचे वाटावेत इतके नाजूक.

नव्या कॉलमनं जुन्यासारखंच सांगितलं. मॅडमनी चहा पाजला नाही.

"वगळ तो," त्या म्हणाल्या. "खाली टीप दे. काचनळीतील संभाव्य दोषामुळे नमुना क्रमांक चौदा विचारात घेतलेला नाही."

"पण दोष नाहीये मॅडम."

"संभाव्य म्हटलंय मी."

"त्या माणसाला पुढे आमवात झाला तर?"

"पुढे?" मॅडमनी माझ्याकडे जरा दयेनं बघितलं. त्या वाईट नव्हत्या, हे सांगायला हवं. "दुखायला लागायच्या आधीच साखर उतरते, असं कुणी दाखवलंय? एका नमुन्यावरून तू भविष्य सांगणार? बरं, सांग जाऊन. काय सांगशील? तुमच्या प्रतिपिंडांची टोकं बोडकी आहेत, काळजी घ्या? तो विचारेल, काळजी म्हणजे काय घ्यायची. मग?"

मॅडम मीटिंगला गेल्यावर मी शिकरणाचा डबा उचलून वही काढली.

चौदा. मुरलीधर तांबट. पुरुष. वय एकेचाळीस.

डबा मी होता तसा ठेवला. आतली केळी काळी पडलेली होती, एवढं त्या दुपारचं अजून स्पष्ट आठवतं.

त्याच महिन्यात संस्थेनं भट्टी बंद करायचं ठरवलं. काचसामान आता तयार मिळत होतं, वेळेवर मिळत होतं आणि कँटीनच्या मॅनेजरवर बोलत नव्हतं. तांबटकाकांपुढे दोन वाटा ठेवल्या. एक, स्टोअरमध्ये कारकुनी, पेन्शनपर्यंत. दोन, नोकरी सोडायची आणि बर्नरसकट सगळी हत्यारं घेऊन जायची. धायरीत त्यांच्या मेव्हण्याचा गाळा रिकामा होता. पाचसहा कॉलेजांनी काम द्यायचं कबूल केलं होतं.

सोमवारी उत्तर द्यायचं होतं. शुक्रवारी दुपारी त्यांनी मला बोलावून घेतलं.

"बसा डॉक्टर. तुम्हाला विचारायचंय. घरात सगळे घाबरट आहेत, एक शालन सोडून. ती म्हणते गाळा घ्या."

"तुम्हाला काय वाटतं?"

"मला काय वाटायचंय? सोळाव्या वर्षापासून फुंकतोय. स्टोअरमध्ये बसून फिनेलच्या बाटल्या मोजू?" ते हसले. त्यांना माझ्याकडून होकार हवा होता. माणूस सल्ला विचारायला आला, की त्याच्या खिशात उत्तर तयार असतं, आपण फक्त ते बाहेर काढायचं असतं. मी ते काढलं नाही.

"काका, स्टोअर घ्या."

त्यांनी ज्योत बारीक केली.

"का?"

"वय वाढतं. हे काम हातांचं आहे. हातांचा काय भरवसा?"

"माझे वडील सत्तराव्या वर्षी भांडी घडवत होते."

"सगळ्यांचं तसं होत नाही. उद्या बोटं धरली, सुजली, तर गाळ्यात कोण फुंकणार? स्टोअरमध्ये आजारपणाची रजा असते."

त्यांनी दोन्ही हात पुढे करून माझ्यासमोर धरले, आधी पालथे, मग उताणे, दवाखान्यात धरतात तसे.

"डॉक्टर, तुम्ही हाताच्या दुखण्यावर शिकताय. माझ्या हातांत काही दिसतंय का तुम्हाला?"

"नाही," मी म्हणालो.

ते खरं होतं. हातांत काही दिसत नव्हतं.

"मग?"

"सहज म्हणालो. तुमच्या जागी माझा मामा असता, तरी हेच सांगितलं असतं."

मला मामा नाही. पण वाक्य चांगलं झालं. तांबटकाकांनी बर्नर बंद केला, ज्योत टप् करून विझली, आणि सोमवारी त्यांनी स्टोअर घेतलं.

मी स्वतःला सांगितलं की मी एका माणसाला वाचवलं. मॅडमना म्हणता आलं नसतं ते मी आडून सांगितलं, वैज्ञानिक शिस्त न मोडता. प्रबंध पूर्ण झाला, टीपही छापली गेली. त्यानंतर चौदा नंबर माझ्याकडे राहायला आला.

संस्थेत जाण्याची काही ना काही कारणं मी काढत असे आणि दरवेळी स्टोअरच्या खिडकीशी थांबत असे. तांबटकाका फिनेलची बाटली पुढे सरकवायचे आणि मी बाटलीऐवजी बोटं बघायचो. सकाळी गेलो तर जास्त बारकाईनं, कारण आमवातात सकाळी बोटं आखडतात. बोटं चांगली असायची. पहिल्या वर्षी मला बरं वाटलं. चौथ्या वर्षी मी जरा अस्वस्थ झालो. सातव्या वर्षी त्यांनी दाराची कडी दोनदा ओढली, तेव्हा माझ्या छातीत धस्स झालं आणि त्यात थोडा आनंदही होता, हे लिहिताना आजही माझी मान वर होत नाही. कडी गंजलेली होती.

पुढे इतर देशांतून अभ्यास आले. काही रोग्यांमध्ये साखर दुखण्याच्या आधी, कधी कधी काही वर्षं आधीच उतरते, असं त्यांत निघालं. म्हणजे माझी टेकडी खोटी नव्हती. ती वाट बघत होती. मी विज्ञान सोडलं, वर्तमानपत्रात विनोदी सदर लिहायला लागलो, लोक हसायला लागले. रात्री मात्र स्वप्नात पेन चालायचं. कागद नसायचा, नुसतं पेन, आणि ते वर वर जात राहायचं. बायको विचारायची, काय झालं. मी सांगायचो, पित्त.

दोन हजार एकोणीस साली तांबटकाकांचा फोन आला. आवाज ओळखला नाही, "डॉक्टर" म्हटल्यावर ओळखला.

"एकदा घरी याल का? हातांच्या दुखण्याचं विचारायचं होतं. तुम्ही त्यातले."

पंचवीस वर्षं ज्याची वाट बघितली, ते आलं होतं. रविवारी धायरीला गेलो. रिक्षात मी वाक्यं तयार करत होतो. एकही विनोदी नव्हतं.

दार तांबटकाकांनी उघडलं. सहासष्ट वर्षांचे, पांढरे, किंचित वाकलेले. एका हातात चहाची गाळणी, दुसऱ्या हातात उकळतं पातेलं चिमट्यात धरलेलं, दाराची कडी त्यांनी कोपरानं काढली होती. पातेलं जराही हललं नाही. मी त्यांच्या बोटांकडे बघितलं. मनगटावर भाजल्याचे चार डाग, बाकी सगळं सरळ, नाजूक, जसं होतं तसं.

"आत या. ती आत आहे."

शालनकाकू खिडकीपाशी खुर्चीत बसल्या होत्या. मांडीवर दोन्ही हात ठेवलेले. बोटं करंगळीच्या बाजूला वळलेली, सगळी एकाच दिशेला, वाऱ्यानं झोपलेल्या पिकासारखी. मी शिकलो तेव्हा असे हात पुस्तकात बघितले होते.

"बसा," त्या म्हणाल्या. "नमस्कार करता येत नाही, समजून घ्या."

"कधीपासून आहे?"

"हे स्टोअरला गेले त्याच्यानंतर चारेक वर्षांनी सुरू झालं. सकाळी गाठी सुटायच्या नाहीत. मला वाटलं, धुण्याभांड्यानं असेल. दोन वर्षं तेलच चोळत बसले. डॉक्टर म्हणाले, उशिरा आलात, आधी आला असतात तर एवढी वाकली नसती." त्या हसल्या. "आधी कसं येणार? आधी दुखत कुठे होतं?"

तांबटकाका कंगवा घेऊन आले आणि बोलता बोलता त्यांच्या मागे उभे राहून केस विंचरायला लागले. तीन पेड घातले, शेवटी रबर लावला. बोटं एक केसभरही कुठे थांबली नाहीत.

"नवीन इंजेक्शनं आलीत म्हणतात," काका म्हणाले. "त्याचंच विचारायचं होतं. आता घेऊन उपयोग आहे का?"

मला जे माहीत होतं ते मी सांगितलं: आग आटोक्यात येते, वाकलेलं सरळ होत नाही. दोघांनी मान डोलावली. एवढं त्यांना आधीच कुणीतरी सांगितलेलं असणार.

मग काका कप धुवायला स्वयंपाकघरात गेले आणि मी त्यांच्या मागे गेलो. त्यांचे हात धडधाकट होते. म्हणजे टेकडी खोटी ठरली होती. माझा जीव भांड्यात पडायला हवा होता, पण मला भट्टी आठवत होती. एका खोट्या टेकडीसाठी मी या माणसाला वीस वर्षं फिनेलच्या बाटल्या मोजायला लावल्या होत्या.

"काका, एक सांगायचंय. गाळा घेऊ नका म्हणालो होतो मी, आठवतं?"

"न आठवायला काय झालं?"

"त्या वेळी मी तुमच्या रक्तात काहीतरी बघितलं होतं. आमवात होईल असं वाटण्यासारखं. तुम्हाला सांगितलं नाही. नुसतं स्टोअर घ्या म्हणालो. चुकलं माझं. तुम्हाला काहीच झालं नाही."

नळ चालू होता. त्यांनी तो बंद केला.

"माझ्या रक्तात? कुठलं रक्त?"

"ते बिल्ले वाटले होते ना, संस्थेत. तुमचा चौदा नंबर."

तांबटकाकांनी कप पालथा ठेवला. बाहेरच्या खोलीकडे एकदा बघितलं, मग हातातल्या फडक्याकडे.

"बिल्ला माझा होता," ते म्हणाले. "रक्त मी नाही दिलं. ही डबा घेऊन आली होती, हिला पाठवलं आत. सुई बघितली की मला घेरी येते."